तुमच्या समितीत ‘नाही’ कोण म्हणतं?

वर्धा जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, वडील, विश्वस्त आणि संस्थाचालक यांस,



हिशेबतपासणीच्या कामामुळे मंडळ्यांची आणि संस्थांची प्रोसिडिंग बुकं बरीच वर्षं माझ्या हातांखालून जात आहेत. पहिलं वाक्य बहुतेक ठिकाणी एकच असतं : सभेची सुरुवात प्रार्थनेने झाली. शेवटचंही एकच : आशीर्वादाने सभा संपली. मधल्या जागेत ठराव असतात. सूचकाचं नाव, अनुमोदकाचं नाव, आणि खाली ‘सर्वानुमते मंजूर’. पानामागून पानं सर्वानुमते. जमीन भाड्याने द्यायची, शाळेची फी वाढवायची, वसतिगृह बंद करायचं, कोणाला नोकरीत घ्यायचं आणि कोणाला काढायचं, या कशावरही वर्षानुवर्षं एकाही माणसाचं वेगळं मत नाही. अशा समितीत एकोपा आहे असं मी मानत नाही. तिथे कोणीतरी गप्प बसलेलं आहे, किंवा ज्यानं बोलायला हवं होतं त्याला बोलावलेलंच नाही.

हे पत्र त्या गप्प बसलेल्या माणसासाठी आहे. लिहितो मात्र तुम्हाला, कारण त्याला बोलू देणं तुमच्या हातात आहे.

प्रार्थना करून निर्णय घ्यावा, हे आपण लहानपणापासून शिकतो आणि ते खरंच आहे. पण आपल्याकडे एक रीत पडली आहे. निर्णय आधी दोघातिघांत ठरतो, मग सभा बोलावली जाते, मग प्रार्थना होते, आणि कोणी शंका काढलीच तर ‘आम्ही प्रार्थनेत ठेवलं होतं, प्रभूची इच्छा दिसते’ असं सांगितलं जातं. यावर साधा सभासद काय बोलणार? पाळकांशी वाद घालता येतो, सेक्रेटरीशी घालता येतो, देवाशी कसा घालायचा? त्याचा प्रश्न तिथेच मिटवला जातो. देवाचं नाव घेऊन माणसाचं तोंड बंद करणं ही माझ्या मते नेत्याच्या हातून होणारी सगळ्यांत गंभीर गोष्ट आहे. पैशाच्या अफरातफरीपेक्षाही गंभीर, कारण बहुतेक अफरातफरीला वाट तिथूनच मिळते.

ख्रिस्ती नेत्यानं शहाणपणानं निर्णय कसा घ्यावा, यावर पुस्तकं पुष्कळ आहेत, शिबिरंही होतात. पण आपल्याच गावात एक माणूस राहून गेला, त्याच्याकडे आपण अजून नीट पाहिलेलं नाही. वर्धा शहरातल्या मगनवाडीवरून आपण रोज जातो. मगन संग्रहालयाच्या पाटीवर नजर पडते आणि ‘गांधीवाल्यांचं आहे’ म्हणून आपण पुढे निघतो. ती संस्था ज्यांनी उभी केली ते जोसेफ कॉर्नेलिअस कुमारप्पा आपल्यासारखेच, चर्चच्या बाकावर वाढलेले ख्रिस्ती गृहस्थ होते. १८९२ साली तंजावरला जन्म. लंडनला हिशेबतपासनीस म्हणून शिक्षण, मुंबईत व्यवसाय, मग अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थकारणाचा अभ्यास. तिथेच, इंग्रजी राज्याच्या करपद्धतीत हिंदुस्थानचं दारिद्र्य कसं तयार होतं, हे त्यांना आकड्यांत दिसलं. १९२९ साली ते साबरमतीला गांधीजींना भेटले, आणि पुढचं सगळं आयुष्य गांधीजींबरोबरच्या कामात गेलं. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचे ते सचिव. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि घर संघाला दिलं, तीच मगनवाडी. संघाचे अध्यक्ष श्रीकृष्णदास जाजू होते. हातकागद, तेलघाणी, मधमाशा, रॉकेलऐवजी गोड्या तेलावर जळणारा मगनदीप, हे सगळं तिथलं.

पण मला सांगायचं आहे ते वर्ध्याला येण्याआधीचं, १९३४ सालचंच.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. मदतीसाठी देशभरातून पैसा आला. बिहार सेंट्रल रिलीफ कमिटीचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद होते. एवढ्या पैशाचा हिशेब चोख राहावा म्हणून कुमारप्पांना आर्थिक सल्लागार नेमलं. त्यांनी पाटण्याला जाऊन पहिलं काम केलं ते नियम बांधण्याचं. कार्यकर्त्याच्या जेवणाला दिवसाला तीन आणे. प्रवासाला काय मिळेल, कशाला मिळणार नाही, सगळं ठरलं. पैसा भूकंपग्रस्तांचा आहे, कार्यकर्त्यांचा नाही, एवढं साधं सूत्र.

पुढे कमिटीच्या बैठकीसाठी गांधीजी पाटण्याला आले. बरोबर त्यांची मंडळी होती. एवढ्या माणसांचं खाणंपिणं, दूध, फळं, वर मोटारींचं पेट्रोल. हा खर्च तीन आण्यांत बसणारा नव्हता. कुमारप्पांनी गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांना सांगितलं की हा खर्च मदतनिधीतून मिळणार नाही, तुमची सोय तुम्ही करा. महादेवभाईंना हे पटलं नाही. बापू तर याच कमिटीच्या कामासाठी आले होते! गोष्ट गांधीजींपर्यंत गेली. त्यांनी कुमारप्पांना विचारलं, कारण ऐकून घेतलं, आणि ते बरोबर आहेत म्हणून महादेवभाईंना तसं करायला सांगितलं. मदतनिधीतून काही घेतलं नाही.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण कुमारप्पांच्या बाणेदारपणाचं कौतुक करून थांबतात. त्या घटनेत मला तीन गोष्टी दिसतात, आणि तिन्ही तुमच्या कामाच्या आहेत. एक म्हणजे नियम माणूस दारात येण्याआधी बांधलेला होता. गांधीजी आल्यावर ‘आता काय करावं’ अशी बैठक भरवली असती, तर तिथल्या एकालाही नकार देता आला नसता. दुसरं, ज्याच्या हातात हिशेब दिला त्याला नकार द्यायचा अधिकारही दिलेला होता. आपण खजिनदार नेमतो आणि त्याच्याकडून अपेक्षा करतो ती फक्त व्हाउचर चिकटवण्याची. तिसरी गोष्ट गांधीजींची आहे, आणि नेत्याच्या बाजूनं पाहिलं तर तीच सगळ्यांत अवघड. ज्याला कोणीच नाही म्हणणार नव्हतं, त्यानं नकार ऐकला, त्याचं कारण ऐकलं, आणि तो मानला. इतकंच करून न थांबता, त्याच वर्षाच्या अखेरीस ग्रामोद्योग संघाची सगळी व्यवस्था त्यांनी याच माणसाच्या हाती सोपवली. आपल्याला नकार देणाऱ्याला आपण पुढच्या वेळी समितीवर घेतो का? हे स्वतःला विचारा आणि खरं उत्तर द्या.

आता कोणी म्हणेल, हे गांधीवादाचं झालं, शास्त्रात कुठे आहे? मग प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय उघडा. पेन्टेकॉस्टचा अग्नी उतरलेली, रोज वाढणारी, सगळं सामायिक ठेवणारी ती पहिली मंडळी. आणि तिथेही वाटपात गडबड होती. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांची कुरकुर सुरू झाली की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. हे नीट पाहा. तक्रार करणारे बाहेरच्या भाषेचे होते, आणि ज्यांच्याबद्दल तक्रार होती त्या विधवा, म्हणजे ज्यांचा कुठेच वशिला नाही अशा. बाराही प्रेषित ख्रिस्ताबरोबर चाललेले. ‘आम्ही प्रभूबरोबर होतो, आमच्यावर शंका?’ असं त्यांना म्हणता आलं असतं. त्यांनी तसं काही म्हटलं नाही. सगळ्या शिष्यांना बोलावलं, आणि तुम्हीच तुमच्यातून सात माणसं निवडा असं सांगितलं, चांगल्या नावाची, आत्म्यानं आणि ज्ञानानं भरलेली. स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय झाला होता, वाटपाची पाटी त्यांच्याच माणसांच्या हातात गेली. त्यानंतर लूक लिहितो की वचनाचा प्रसार वाढला. आपण हा अध्याय डीकनच्या नेमणुकीच्या दिवशी वाचतो आणि घरी जातो. मला तो कारभाराचा अध्याय वाटतो. निर्णयाचा घाव ज्याला लागतो त्याला निर्णयाच्या जागी बसवा, हे तिथे स्पष्ट आहे.

आपल्या मंडळ्यांत ती जागा कोणाची असते? एक प्रसंग लिहितो, ठिकाणाचं नाव घेत नाही. जिल्ह्यातल्याच एका चर्चची रस्त्याकडची जागा दुकानगाळ्यांसाठी एका व्यावसायिकाला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर द्यायचं ठरलं. ठराव सर्वानुमते. आवारात जुन्या नोकरदारांची काही घरं होती. तिथल्या कोणाचे वडील मिशनच्या दवाखान्यात होते, कोणाची आजी बायबलवाली बाई म्हणून गावोगाव फिरलेली. या लोकांना ठरावाचा पत्ता लागला तो टेप घेऊन माणसं आली तेव्हा. जमिनीवर चुन्याची रेघ मारली गेली. रेघ हातपंपाच्या अलीकडून गेली, म्हणजे पंप पलीकडे, भाडेकरूच्या हद्दीत. एका म्हातारीनं विचारलं, ‘बाबू, पाणी कोठून भरू आता?’ समितीतल्या कोणाकडेच उत्तर नव्हतं, कारण पाण्याचा प्रश्न सभेत निघालाच नव्हता. पाच शिकलेली, सुस्वभावी माणसं होती ती. एकाचाही हेतू वाईट होता असं मला आजही वाटत नाही. त्यांच्यात तो पंप हापसणारं कोणी नव्हतं, एवढंच. त्या घरांतली एक बाई जरी सभेला बसली असती, तर रेघ दहा फूट सरकली असती आणि भाडंही तेवढंच आलं असतं.

कायद्याचंही इथेच सांगून टाकतो, कारण अनेक विश्वस्तांना हे माहीत नसतं किंवा माहीत असून डोळ्याआड केलं जातं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मिळकत विकायची, गहाण टाकायची, बक्षीस किंवा अदलाबदल करायची, तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. भाडेपट्ट्यालाही लागते : शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं, आणि बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं द्यायची असेल तर. परवानगी आधी, व्यवहार नंतर. ‘करून घेऊ, मग बघू’ हा कायद्यातला नेहमीचा मार्ग नाही; मागाहून मंजुरी अगदी अपवादात्मक परिस्थितीतच मिळू शकते. आणि ज्याला आपल्या निर्णयाची लाज वाटत नाही त्याला परवानगी मागायची भीती का वाटावी?

पैशाबद्दल पौलाची शिस्त पाहा. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी त्यानं मंडळ्यांतून वर्गणी गोळा केली. तिच्याविषयी करिंथकरांना दुसऱ्या पत्रात तो काय लिहितो? ही रक्कम मी एकटा घेऊन जाणार नाही, असं. तीताबरोबर मंडळ्यांनीच निवडलेला भाऊ पाठवतो, म्हणजे एवढ्या मोठ्या देणगीच्या बाबतीत कोणी आमच्याकडे बोट दाखवू नये. प्रभूपुढे तर चोख असावंच, माणसांपुढेही चोख दिसावं, ही त्याची काळजी आहे. पौलासारख्याला आपल्या सचोटीला साक्षीदार लागत होते. आपल्याकडे हिशेब मागितला की ‘विश्वास नाही का?’ असं विचारतात. विश्वास आहे म्हणूनच तर दर रविवारी अर्पणाच्या थैलीत पैसे पडतात. त्या पैशाचा हिशेब मागणं हे त्याच उपासनेचं काम आहे.

शलमोनाचं उदाहरण आपल्या प्रवचनांत वारंवार येतं, त्याविषयी थोडं वेगळं सांगायचं आहे. गिबोनाच्या स्वप्नात त्यानं धन मागितलं नाही, शत्रूचा जीव मागितला नाही, प्रजेचा न्याय करायला समजूतदार मन मागितलं. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढे याच शलमोनानं लोकांवर वेठीचं असं ओझं टाकलं की तो मेल्यावर लोक त्याच्या मुलाकडे, रहबामाकडे, ते हलकं कर म्हणून आले. वडीलधाऱ्यांनी रहबामाला सांगितलं की लोकांचं ऐक. त्यानं बरोबरीच्या पोरांचं ऐकलं, आणि राज्याचे दोन तुकडे झाले. देवाकडून शहाणपण मिळालेल्या राजाचं असं का झालं? मला त्याचं एक कारण दरबारात दिसतं. दावीदाच्या समोर नाथान उभा राहू शकत होता आणि राजाचा अपराध राजाच्या तोंडावर सांगू शकत होता. शलमोनाच्या दरबारात दुरून पाहुणे येतात, भेटी येतात, स्तुती होते. समोर उभं राहून सुनावणारा संदेष्टा तिथे दिसत नाही. प्रार्थनेत मिळालेलं शहाणपणही एकट्यानं सांभाळता येत नाही, असं मला यातून कळतं. आणि त्या आधीच्या मोशेला तर त्याचा सासरा इथ्रो सांगतो की तू एकटाच सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करत बसलास तर तूही झिजशील आणि लोकही. इथ्रो मिद्यानाचा, इस्राएलाबाहेरचा. मोशेनं सासऱ्याचं ऐकलं. सीनाय पर्वतावर नियम मिळण्याआधीची ही गोष्ट आहे.

कुमारप्पांकडे परत येतो, कारण त्यांनी ‘नाही’ फक्त गांधीजींना म्हटलेलं नाही. सविनय कायदेभंगाच्या काळात कलकत्त्याचे मेट्रोपॉलिटन फॉस वेस्टकॉट यांनी ही चळवळ ख्रिस्ताच्या शिकवणीत बसत नाही अशी भूमिका घेतली. ते अँग्लिकन चर्चचे हिंदुस्थानातले सर्वांत मोठे धर्माधिकारी. कुमारप्पांनी त्यांना जाहीर उत्तर दिलं. ख्रिस्तानं डोंगरावर जे शिकवलं ते सरकारच्या बाजूनं आहे की सत्य आणि अहिंसेनं लढणाऱ्यांच्या बाजूनं, असा त्यांचा सवाल होता. चर्च त्यांनी सोडलं नाही, ख्रिस्तालाही नाही. १९४२ नंतर जबलपूरच्या तुरुंगात असताना त्यांनी येशूच्या आचारविचारांवर एक पुस्तक लिहिलं, आणि त्याच तुरुंगात टिकाऊ अर्थव्यवस्थेवरचं त्यांचं गाजलेलं पुस्तकही. दोन्हींना गांधीजींनी प्रस्तावना दिल्या. चर्चवर टीका करणारा चर्चचा शत्रू असतो, ही समजूत ज्यांच्या मनात आहे त्यांनी हे लक्षात घ्यावं.

त्यांच्या कामाची आणखी एक रीत मला तुमच्यासाठी महत्त्वाची वाटते. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारनं त्यांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक पाहणी समिती नेमली, तेव्हा त्यांनी ६०६ खेड्यांची पाहणी केली आणि मगच शिफारशी लिहिल्या. खेड्यातल्या माणसासाठी काय करावं हे ठरवायचं, तर आधी त्याच्या ओट्यावर बसून विचारायचं. शेवटच्या वर्षांत त्यांच्या झोपडीत एका खेडुताचं चित्र होतं. विचारणाऱ्याला ते सांगत की गांधीजी माझे गुरू, आणि हा माझ्या गुरूचा गुरू. किती जण आपल्या ऑफिसात बिशपसाहेबांच्या फोटोशेजारी आपल्या चपराशाचा फोटो लावतील?

कुमारप्पा निर्दोष होते असं मी म्हणत नाही. स्वभाव तापट. राष्ट्रीय नियोजन समितीवर त्यांना घेतलं होतं, मोठ्या कारखान्यांकडे झुकलेला तिचा कल पाहून ते थोड्याच महिन्यांत बाहेर पडले. ते तिथे टिकून राहिले असते, भांडत राहिले असते, तर पुढच्या नियोजनात खेड्याला जरा बरी जागा मिळाली असती असं मला वाटतं. नाही म्हणणाऱ्यालाही केव्हा उठायचं आणि केव्हा बसून राहायचं हे कळावं लागतं. आज आपल्याकडेही असे सभासद आहेत की पहिल्याच मतभेदाला राजीनामा देतात आणि दुसऱ्या रविवारी वेगळ्या हॉलमध्ये नवी मंडळी सुरू होते. तेही शहाणपण नव्हे. विरोध करून त्याच बाकावर बसणारा माणूस हवा, आणि त्याला तिथे बसता यावं ही तजवीज तुम्हीच करू शकता.

वर्ध्याच्या मातीत अशी माणसं आणखीही होऊन गेली. सेवाग्रामला नयी तालीमचं काम आशादेवींसह सांभाळणारे आर्यनायकम् जाफन्याचे ख्रिस्ती, गांधीजींच्या पत्रव्यवहाराचा भार उचलणाऱ्या राजकुमारी अमृत कौर ख्रिस्ती घरातल्या, १९४९ पासून तिथे शिक्षक घडवणाऱ्या मार्जरी साइक्स क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या. क्वेकरांच्या सभेची एक पद्धत सांगण्यासारखी आहे. ते मतं मोजत नाहीत. एखाद्याच्या मनात खरोखर अडचण असेल तर थांबतात, गप्प बसून वाट पाहतात, विषय पुढच्या सभेला ठेवतात. आपल्याला हे जसंच्या तसं जमणार नाही. पण जमीन, नोकरी आणि मुलांच्या वसतिगृहासारखे विषय एकाच बैठकीत मांडून त्याच बैठकीत मंजूर करायचे नाहीत, एवढं तरी जमावं. पहिल्या सभेत मांडावं, रविवारी मंडळीपुढे वाचावं, महिनाभर चर्चा होऊ द्यावी, दुसऱ्या सभेत ठरवावं. घाई कोणाला असते, हे या महिन्यात आपोआप कळतं.

माझं मागणं मोठं नाही. ज्याचा विरोध असेल त्याचं नाव आणि कारण प्रोसिडिंगमध्ये लिहा. नावानिशी लिहिलेल्या विरोधानं समितीची बदनामी होत नाही, उलट पुढच्या समितीला शिकायला मिळतं. समितीतल्या कोणाचा भाऊ, मेहुणा, जावई व्यवहारात असेल तर त्यानं त्या विषयापुरतं सभेबाहेर जावं, आणि तो बाहेर गेल्याचं लिहावं. आवारात राहणाऱ्यांचा, शाळेतल्या शिपाई-आयांचा, वसतिगृहातल्या मुलांच्या पालकांचा विषय असेल तर त्यांच्यातला एक जण निमंत्रित म्हणून बसवा, आणि त्याचं बोलणं आधी ऐका, पाळकांचं नंतर. पाळक आधी बोलले की बाकीच्यांना बोलायला काही उरत नाही, हे पाळकांनाही माहीत आहे. बायकांबद्दल तर वेगळं सांगायला नको. अर्पणाच्या पैशांत त्यांचा वाटा किती आणि ठरावात किती, हे प्रत्येकानं आपापल्या मंडळीत पाहावं.

पाळक बंधूंना वेगळं लिहितो. तुमच्यावरचं ओझं मला कळतं. लग्न, मयत, भांडणं, दवाखाना, आणि वर ट्रस्टचे कागद. सगळे तुमच्याकडे निर्णय मागतात आणि निर्णय चुकला की तुम्हालाच दोष देतात. म्हणून तुम्ही दोघातिघांत ठरवून मोकळे होता, यात दुष्टपणा नाही, थकवा आहे. पण एकट्यानं ठरवलेल्या गोष्टीचं ओझंही शेवटी एकट्यालाच वाहावं लागतं. गेथशेमाने बागेत ख्रिस्तानंसुद्धा तिघांना जागे राहायला सांगितलं होतं. तुमच्यासाठी जागं राहणारं कोणी आहे का? ते तुमच्या मर्जीतलेच असावेत असा हट्ट धरू नका.

बहुतेक मंडळ्यांची वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यावर होते. यंदा त्या सभेत हिशेबाच्या छापील प्रती बाकांवर ठेवाव्यात, फक्त एकूण बेरजा नव्हेत, नोंदींसकट. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याचा सातबारा किंवा मिळकतपत्रिका, भाडेकरूचं नाव, मुदत आणि भाडं, एका कागदावर. प्रश्न विचारायला अर्धा तास राखून ठेवावा आणि तो अर्धा तास गीतांना देऊ नये. मी माझ्या मंडळीच्या सभेला असेन आणि प्रत मागेन. दुसऱ्या मंडळ्यांतही कोणी उभं राहून मागेल, अशी आशा आहे. जो पहिला उभा राहील त्याच्याकडे वळून ‘तुम्ही कोण विचारणारे’ असं म्हणू नका. त्याला खुर्ची द्या, पाणी द्या, आणि कागद हातात द्या.

आपला,
वर्ध्यातल्या एका मंडळीचा सभासद